टी-शर्ट, पिशवी आणि लेबल: व्यवसायाचे नाव छापून घेण्याआधी लाभार्थ्यांनी काय पाहावे

कर्ज मंजूर झाले, मशीन आले, दुकानावर पाटी लागली. यानंतर बहुतेक लाभार्थ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: लोकांना आपले नाव कळणार कसे? नेमके याच वेळी कोणीतरी नमुन्यांची बॅग घेऊन दुकानात येते. शंभर टी-शर्ट छापा, दोनशे पेन घ्या, मग घ्या, कॅलेंडर वाटा, नाव सगळीकडे होईल, असे सांगते. वस्तू चांगल्या दिसतात आणि खात्यात कर्जाचे पैसे असतात. हे पैसे परत फेडायचे आहेत, हे त्या क्षणी आठवत नाही.

नाव किंवा लोगो छापलेल्या वस्तू वाटणे ही जाहिरातीची जुनी आणि उपयोगी रीत आहे. ती वाईट नाही. मात्र कोणत्या वस्तूवर, किती, कोणत्या पैशातून आणि काय छापायचे, हे आधी ठरवावे लागते. या लेखात त्यासाठी लखनौचे उदाहरण घेतले आहे. तिथल्या कारागिरांपुढे नावाचा हा प्रश्न फार जुना आहे, आणि महाराष्ट्रातल्या शिंपी, बचत गट किंवा गृहउद्योग चालवणाऱ्यांपुढेही आज तोच आहे.

लखनौत कुर्ता प्रसिद्ध, भरणारी अनोळखी

चिकनकारी म्हणजे मलमल, वॉइल, जॉर्जेट अशा कापडावर सुई-दोऱ्याने केलेले नाजूक भरतकाम. (मराठीत हा शब्द ऐकून कोंबडी आठवते, पण तिचा इथे काही संबंध नाही.) चौक आणि अमीनाबादच्या बाजारात हे कपडे मिळतात, तसे ते पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतही मिळतात. एक कुर्ता अनेक हातांतून जातो. आधी कापड बेतले जाते. मग छपाई करणारा लाकडी ठशाने त्यावर निळ्या, धुऊन जाणाऱ्या रंगात नक्षी उमटवतो. त्या रेषांवर बाई टेपची, बखिया, फंदा, मुर्री असे टाके घालते. जाळीचे काम बऱ्याचदा वेगळी कारागीर करते. शेवटी धोबी कापड धुऊन निळा रंग काढतो आणि नक्षी पांढरी उठून दिसते.

या साखळीत भरतकाम करणारी बाई बहुधा घरीच काम करते. मध्यस्थ कापड आणून देतो, नगाप्रमाणे मजुरी देतो आणि माल घेऊन जातो. कुर्त्यावर लेबल लागते ते दुकानाचे किंवा व्यापाऱ्याचे. ज्या हातांनी महिनाभर टाके घातले, त्यांचे नाव कुठेच नसते. ग्राहकाला तिचे काम आवडले तरी तो तिच्याकडे परत येऊ शकत नाही, कारण ती कोण हे त्याला कळायला मार्गच नसतो.

१९८४ मध्ये रुना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौत ‘सेवा’ ही संस्था सुरू केली ती याच प्रश्नावर. महिलांना मध्यस्थाशिवाय काम मिळावे आणि माल थेट ग्राहकापर्यंत जावा, हा तिचा हेतू होता. पुढे डिसेंबर २००८ मध्ये ‘लखनौ चिकन क्राफ्ट’ला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१३ मध्ये लखनौच्या जरदोजीलाही. २४ जानेवारी २०१८ रोजी उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना सुरू केली. तिच्यात लखनौ जिल्ह्यासाठी चिकनकारी आणि जरी-जरदोजी हीच उत्पादने निवडली आहेत.

मानांकनामुळे लखनौचे नाव जपले गेले. तुमचे स्वतःचे नाव मात्र तुम्हालाच लावावे लागते. म्हणून टी-शर्ट आणि मगच्या आधी लेबलाचा विचार करा.

सर्वांत स्वस्त जाहिरात: कपड्याच्या आतले लेबल

तुम्ही कपडा, पिशवी, उशीचे अभ्रे, गोधडी असे काहीही शिवत असाल, तर तुमची पहिली लोगो असलेली वस्तू म्हणजे तुमचा मालच. वाटलेला पेन आठवड्यात हरवतो. कुर्ता चार वर्षे वापरला जातो आणि प्रत्येक धुण्याच्या वेळी लेबल डोळ्यांसमोर येते.

लेबल दोन प्रकारचे मिळते. एक विणलेले, त्यात अक्षरे धाग्याचीच असतात आणि ती जात नाहीत. दुसरे सॅटिनच्या पट्टीवर छापलेले. ते स्वस्त पडते, कमी संख्येतही मिळते, पण स्वस्तातली शाई धुण्यात पुसट होते. विणलेल्या लेबलासाठी कारखानदार साधारणपणे किमान संख्या सांगतात. तेवढी एकट्याला परवडत नसेल, तर बचत गटातल्या चार-पाच जणींनी एकच नाव घेऊन मिळून मागवावे.

लेबलावर व्यवसायाचे नाव, गाव, काम हाताचे असेल तर तसा उल्लेख, धुण्याची सूचना आणि संपर्क एवढे पुरे. संपर्कासाठी घरातला वैयक्तिक नंबर देऊ नका. हे विशेषतः घरून काम करणाऱ्या ताईंसाठी सांगावेसे वाटते. एकदा शेकडो कपड्यांवर नंबर गेला की तो मागे घेता येत नाही. धंद्यासाठी वेगळे सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा आणि तोच नंबर सगळीकडे वापरा.

‘हाताने भरलेले’ हे शब्द खरे असतील तरच लिहा. मशीनवर केलेले भरतकाम चिकन म्हणून विकले जाते आणि त्याचा फटका खऱ्या कारागिरांना बसतो. कापडाची उलट बाजू पाहिली तर जाणकाराला फरक कळतो. मशीनचे टाके एकसारखे दिसतात, तर हाताच्या कामात मागे गाठी आणि थोडी असमानता असते. लेबलावर खोटे लिहिले तर एक ग्राहक जातो आणि तो दहा जणांना सांगतो.

भौगोलिक मानांकनाचे नाव आणि चिन्ह अधिकृतपणे वापरायचे असेल, तर त्या मानांकनाखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ही तरतूद १९९९ च्या कायद्यातच आहे आणि कारागीर स्वतः अर्ज करू शकतो. पैठणी किंवा सोलापुरी चादर यांसारख्या महाराष्ट्रातल्या मानांकित उत्पादनांनाही हाच नियम लागू आहे.

कोणत्या योजनेतून काय मिळते, आणि काय मिळत नाही

इथे सर्वांत जास्त गैरसमज असतात, म्हणून जरा सविस्तर पाहू.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. शिंपी त्यात आहे, धोबीही आहे. भरतकाम हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून यादीत नाही. म्हणजे लखनौत कुर्ता शिवणारा आणि तो धुणारा या योजनेत अर्ज करू शकतो, पण फक्त टाके घालणाऱ्या बाईला वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारे कारागीर ओळखपत्र, म्हणजेच ‘पहचान’ कार्ड, आणि राज्याच्या योजना यांकडे वळावे लागते.

विश्वकर्मात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, ती ई-व्हाउचरच्या रूपात. ते फक्त अवजारांसाठी असते, टी-शर्ट छापण्यासाठी नाही. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. तारणाशिवाय कर्ज दोन टप्प्यांत मिळते: आधी १ लाख रुपये, १८ महिन्यांत फेडायचे, ते नीट फेडले आणि इतर अटी पूर्ण केल्या तर २ लाख, ३० महिन्यांत फेडायचे. लाभार्थ्याला व्याज ५ टक्के पडते, बाकीचा भार केंद्र सरकार उचलते.

या योजनेत ‘विपणन साहाय्य’ नावाचा भागही आहे. गुणवत्ता प्रमाणपत्र, ब्रँडिंग, ऑनलाइन विक्री मंच आणि ‘जेम’ पोर्टलवर नोंदणी, मेळावे, जाहिरात हे त्यात येते. ही मदत सेवांच्या रूपात असते. ‘ब्रँडिंगचे पैसे’ म्हणून कोणाच्याही खात्यात रोख रक्कम जमा होत नाही. कोणी तसे सांगून फॉर्म भरायला शुल्क मागत असेल तर देऊ नका.

उत्तर प्रदेशातल्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत मात्र विक्रीसाठी थेट उपयोगी पडणारी मदत आहे. मेळाव्यातल्या स्टॉलचे भाडे आणि माल नेण्या-आणण्याचा खर्च यांसाठी विपणन विकास साहाय्य मिळते. उद्योग उभारायला २५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर २५ टक्के किंवा ६.२५ लाख रुपये, यांपैकी जी कमी ती रक्कम मार्जिन मनी म्हणून मिळते. चौकशी जिल्हा उद्योग कार्यालयात करावी. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात जावे आणि तिथे लागू असलेल्या राज्य योजनांची माहिती घ्यावी, कारण उत्तर प्रदेशचे हे लाभ तिथल्याच उद्योगांना आहेत.

पापड, लोणची, मसाले करणाऱ्यांसाठी पीएम सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, आहे. वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्के मदत आहे, पण ती बचत गट, शेतकरी उत्पादक संस्था, सहकारी संस्था अशा समूहांना, एका समान ब्रँडसाठी मिळते. एकटीने अर्ज करून फक्त पाकिटे छापायला ती मिळत नाही.

फेरीवाल्यांच्या पीएम स्वनिधी योजनेत आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, दुसरे २५,००० आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. एवढ्या रकमेतून भेटवस्तू छापत बसण्यात अर्थ नाही. नाव लिहिलेला एक स्वच्छ अ‍ॅप्रन आणि गाडीवर ठळक पाटी, एवढे करा.

हप्ता आधी, टी-शर्ट नंतर

आकडा मांडून पाहिला की निर्णय सोपा होतो. १ लाख रुपये ५ टक्के व्याजाने १८ महिन्यांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ५,७८० रुपये येतो. आता समजा, तुम्ही शंभर टी-शर्ट प्रत्येकी १८० रुपयांनी छापून घेतले. १८,००० रुपये झाले, म्हणजे तीन हप्त्यांहून अधिक. हे शंभर टी-शर्ट वाटून तीन महिन्यांत तुमचा नफा १८,००० रुपयांनी वाढणार आहे का? उत्तर ‘हो’ म्हणता येत नसेल तर शंभर छापू नका. दहा छापा.

दहा कोणाला द्यायचे? आधी स्वतःला आणि दुकानात काम करणाऱ्यांना. दुकानात सगळे एका रंगाच्या, नाव असलेल्या कपड्यांत असले की ग्राहकाला नाव लक्षात राहते आणि विश्वासही वाटतो. मग माल पोचवणाऱ्याला, कारण तो गावभर फिरतो. उरलेले अशा ग्राहकांना, जे तुमच्याकडे आधीच नियमित येतात आणि चार लोकांत वावरतात. अनोळखी माणसाला दिलेला टी-शर्ट बहुतेक वेळा फरशी पुसायच्या कामी येतो. हे कडू आहे, पण खरे आहे.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुकट वाटलेल्या भेटवस्तू आणि नमुन्यांवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. छपाईवाला ‘जीएसटी परत मिळेल’ असे सांगत असला तरी वाटण्याच्या मालावर तो मिळणार नाही.

एक फुकटची युक्ती आहे. क्यूआर कोड घेताना खाते व्यवसायाच्या नावाने उघडा. पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला मोबाइलच्या पडद्यावर तुमचे नाव दिसते. शिवाय विश्वकर्मा योजनेत पात्र डिजिटल व्यवहारामागे १ रुपया, महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहारांपर्यंत, मिळतो.

छापायला देताना

छपाईवाला पहिला प्रश्न विचारतो: ‘कोरल फाइल आहे का?’ लोगोची मूळ फाइल, म्हणजे कोरलड्रॉमधली किंवा कितीही मोठी केली तरी न फाटणारी, तुमच्याकडे असलीच पाहिजे. लोगो काढून देणाऱ्याकडून ती मागून घ्या, ईमेलवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि कडा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काढून देणाऱ्याकडून बिलावर ‘या लोगोचे सर्व हक्क ग्राहकाला दिले आहेत’ असे लिहून सही घ्या. हे लोक विसरतात आणि पुढे वाद होतो.

छपाईच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. म्हणून एका रंगाचा लोगो आणि पन्नासहून जास्त नग असतील तर ती स्वस्त पडते; दहा नगांना महाग. डीटीएफमध्ये फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवतात. पाच-दहा नगांना आणि अनेक रंगांच्या लोगोला ती बरी, पण काम कच्चे असेल तर काही धुण्यांनंतर कडा सुटतात. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि लेप दिलेल्या मगवर बसते. सुती टी-शर्टवर ते टिकत नाही. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत आधी लोगोची ‘पंचिंग’ फाइल बनवावी लागते, तिचा खर्च एकदाच येतो, आणि पुढचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो. टोपी, कॉलरचा टी-शर्ट, अ‍ॅप्रन यांना भरतकाम शोभते. पातळ टी-शर्टवर मोठे भरतकाम केले तर कापड आकसते.

कोणतीही पद्धत असो, आधी एकच नग करून मागा आणि त्याचे पैसे द्या. तो घरी नेऊन तीन वेळा धुवा, एकदा उलटा करून इस्त्री करा. मगच पुढची ऑर्डर. नावाचे स्पेलिंग दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण स्वतः लिहिलेली चूक स्वतःला दिसत नाही. देवनागरीत जोडाक्षरे फाइल उघडताना तुटतात. ‘श्री’चे ‘श्‌री’ झाले आहे का ते छापण्याआधी पाहा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका आणि पक्के बिल घ्या.

लखनौत एक वेगळी सोय आहे. चिकनच्या छपाईसाठी नक्षीचे लाकडी ठसे कोरणारे कारागीर तिथे आहेत. छोट्या बूटीच्या आकाराचे चिन्ह ठशात कोरून घेतले, तर तेच कपड्यावर उमटवून हाताने भरता येते. यात अक्षरे नीट येत नाहीत, एखादे पान, कैरी, मासा असे चिन्ह घ्यावे. आणि पांढऱ्यावर पांढरा दोरा लांबून दिसत नाही हेही खरे. गर्दीत नाव झळकवायचे असेल तर ही पद्धत निरुपयोगी. पण खिशाच्या कोपऱ्यावर, प्रत्येक कुर्त्यावर तीच एक बूटी असली, तर काही वर्षांनी तीच तुमची ओळख होते. एक जाड विणलेला टी-शर्ट वाटण्यापेक्षा आमच्या मते हे बरे.

काय छापू नये

योजनेचा लाभ मिळाला की अनेकांना अभिमानाने सरकारी चिन्ह छापावेसे वाटते. तसे करू नका. अशोकस्तंभाचे राजचिन्ह खासगी व्यवसायाच्या कपड्यावर, पिशवीवर किंवा कार्डावर छापायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे आणि त्यासाठी शिक्षेची तरतूद आहे. योजनेचा लोगोही परवानगीशिवाय असा वापरू नका की तुमचा माल सरकारनेच प्रमाणित केला आहे असे वाटेल.

त्याहून जुना कायदा १९५० चा आहे: चिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, पंतप्रधानांचे नाव आणि चित्र आहे, महात्मा गांधी आहेत आणि छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. महाराष्ट्रात दुकानाच्या कॅलेंडरवर महाराजांचे चित्र छापण्याची आवड मोठी आहे. कायदा कॅलेंडरवरच्या चित्राला सूट देतो, पण त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असावे आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेले नसावे, या अटीवर. म्हणजे महाराजांच्या चित्राखाली ‘अमुक साडी सेंटर, आमचे येथे सर्व प्रकारचे…’ असे छापणे या सूटीत बसत नाही. बाजारात सर्रास दिसते म्हणून ते नियमात आहे असे समजू नये.

दुसऱ्याचा लोगो हा तिसरा धोका. इकाना स्टेडियमवर सामना असला की लखनौच्या आयपीएल संघाच्या जर्सीला मागणी येते, आणि एखादा ग्राहक ‘पन्नास छापून द्या’ म्हणतो. संघाचे चिन्ह हे नोंदलेले व्यापारचिन्ह असते. परवान्याशिवाय ते छापून विकणे हा गुन्हा आहे, तुरुंगवासापर्यंतची शिक्षा होऊ शकते, आणि पकडला जातो तो छापणारा. साधी निळी जर्सी आणि मागे ग्राहकाचे स्वतःचे नाव, इतके द्यायला हरकत नाही.

पिशव्या आणि फलक

नाव छापलेली पिशवी ही टी-शर्टपेक्षा स्वस्त आणि जास्त फिरणारी वस्तू. पण १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात २०१८ पासून राज्यांचे स्वतःचे निर्बंधही आहेत. ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या दुकानांत मिळतात त्या नॉन-वोवन, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याच्या असतात. त्या किमान ६० जीएसएम असाव्या लागतात. जाहिरातीच्या फलकासाठी १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी १ जुलै २०२२ पासून चालत नाही. उरलेल्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून त्यावर एका रंगात नाव छापणे हा शिंप्याला सर्वांत सोपा मार्ग.

नाव छापलेल्या पिशवीचे ग्राहकाकडून पैसे घेण्याआधी चंदीगडचे एक प्रकरण लक्षात ठेवा. तिथे २०१९ मध्ये बाटाच्या दुकानाने कागदी पिशवीचे ३ रुपये लावले. पिशवीवर कंपनीचे नाव होते. ग्राहकालाच पैसे घेऊन जाहिरात करायला लावणे योग्य नाही, अशा अर्थाचा निर्णय ग्राहक मंचाने दिला आणि कंपनीला ९,००० रुपये भरायला लावले.

नाव नोंदवणे

वस्तू छापण्याआधी नाव दुसऱ्या कोणाचे नाही ना, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोधता येते. कपड्यांसाठी वर्ग २५ पाहा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी शुल्क ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योग असल्याचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी चालते, आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. अर्ज पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते.

अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी मिळाल्यावरच. आधी लावला तर दंड होतो. ‘लखनौ चिकन’ किंवा ‘पुणे टेलर्स’ असे फक्त गाव आणि धंदा सांगणारे नाव सहसा नोंदले जात नाही. मोबाइल अ‍ॅपमधल्या तयार चित्रांवरून केलेला लोगोही अडचणीत येतो, कारण तेच चित्र इतरही वापरत असतात.

छापून घेणारे नाही, छापून देणारे

अनेक शिंपी लाभार्थ्यांसाठी खरी संधी उलट बाजूला आहे. शाळा, दवाखाने, उपाहारगृहे, सुरक्षारक्षकांच्या एजन्सी यांना नाव असलेले कपडे सतत लागतात. सोलापूर शहर गणवेशांच्या शिलाईसाठी याच मागणीवर ओळखले जाऊ लागले. लखनौत जरदोजीचे कारागीर ब्लेझरच्या खिशावरचे तारकामाचे बॅज करू शकतात. लग्नसराईबाहेरच्या महिन्यांत हे काम आधार देते. विश्वकर्माच्या दुसऱ्या टप्प्याच्या कर्जातून एक डोक्याचे भरतकाम यंत्र घेणे हे स्वतःसाठी हजार पेन छापण्यापेक्षा अधिक उत्पन्नाचे ठरू शकते. मात्र आधी दोन-तीन पक्क्या ऑर्डर लेखी घ्या. सरकारी कार्यालयांना विकायचे असेल तर ‘जेम’वर विक्रेता म्हणून नोंदणी करा, आणि बिलाचे पैसे यायला वेळ लागतो हे धरून हाताशी दोन हप्ते ठेवा.

नेहमी विचारले जाणारे

*मी विश्वकर्माचे कर्ज जाहिरातीच्या वस्तूंसाठी वापरू शकतो का?*
कर्ज व्यवसाय वाढवण्यासाठी आहे. आधी कच्चा माल आणि यंत्र, मग लेबल, पाटी यांसारखा थोडा खर्च, असा क्रम ठेवा. बिले जपून ठेवा, बँक मागू शकते.

*गटातल्या सगळ्यांचे वेगळे लोगो असावेत का?*
एकच नाव घ्या. लेबल स्वस्त पडते, आणि पीएमएफएमईसारखी समूहांना मिळणारी मदतही समान ब्रँडलाच मिळते. कोणाचे काम कोणते हे लेबलाच्या मागे छोट्या अक्षरांत कारागिराचे नाव लिहून दाखवता येते.

*टी-शर्ट छापून आले आणि फोन नंबरात चूक आहे. आता?*
तुम्ही मंजूर केलेला नमुना काढून पाहा. नमुन्यात बरोबर आणि छपाईत चूक असेल तर छपाईवाल्याने बदलून द्यावे. बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मंजुरीचा संदेश हा पुरावा. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा. चूक नमुन्यातच असेल तर खर्च तुमचा. तसे टी-शर्ट बाहेर वाटू नका. नंबरावर कापडाची पट्टी शिवा आणि कामाच्या वेळी दुकानात वापरा.